अप्पांना मानवेल अशी जागा

बेबी पंचेचाळिशीला आली होती, स्वतःचा टेम्पो स्वतः चालवत होती, तिच्या केसांत पांढरी बट दिसायला लागली होती, तरी घरात ती बेबीच होती. बाहेर मात्र तिला सगळे कुंडीताई म्हणत. कचेऱ्या, दवाखाने, दुकानं अशा ठिकाणी ती झाडं भाड्याने देत असे. कुंड्या नेऊन ठेवायच्या, दर आठवड्याला जाऊन पाणी, माती, पानं बघायची, आणि एखादं झाड मान टाकायला लागलं की ते उचलून आणायचं आणि त्याच्या जागी दुसरं ठेवायचं. उचलून आणलेल्या झाडांसाठी तिच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली एक कोपरा राखून ठेवलेला होता. तिचा नवरा त्या कोपऱ्याला माहेर म्हणायचा. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा आणि संध्याकाळी तिच्या आधी घरी यायचा. टेम्पोचा आवाज आला की गच्चीच्या दारात उभा राहून विचारायचा, "आज कोण आलंय माहेरपणाला?"

झाड वाईट नसतं, जागा चुकलेली असते, असं बेबीचं ठाम मत होतं. दातांच्या दवाखान्यात बाकाशेजारी ठेवलेला मनीप्लांट कितीही काळजी घेतली तरी उघडाबोडका व्हायचा. रोग वगैरे काही नव्हता. आत जायच्या भीतीने माणसं नकळत त्याची पानं तोडून त्यांचे बारीक बारीक तुकडे करत बसायची. बेबीने तो उंच फळीवर नेऊन ठेवला आणि बाकाशेजारी जाड, ताठ पानांचं असं झाड ठेवलं की ज्याला कुणी कितीही चाचपलं तरी फरक पडू नये. दोन्ही झाडं सुखी झाली. एका मोठ्या कचेरीत एका साहेबांची काचेची केबिन होती, तिथे मात्र काहीच टिकत नव्हतं. तिने नाना प्रकारची झाडं ठेवून पाहिली, सगळी महिन्याभरात करपून जायची. साहेब बिचारे दरवेळी अपराधी चेहरा करून म्हणायचे की मी हात सुद्धा लावला नाही हो.

तर अशा या बेबीच्या घरी तिचे वडील राहायला आले.

अप्पा छापखान्यात मशीनवर होते. लग्नाआधीपासून निवृत्तीपर्यंत एकच छापखाना आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बेबीचं आणि तिच्या धाकट्या भावाचं सगळं बालपण त्या खोल्यांत गेलं. खाली मशीन चालू झालं की वर जमीन थरथरायची. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. आई दूध उतू जाऊ नये म्हणून जितकी जपायची तितकीच ते ओट्यावरून सरकत खाली पडू नये म्हणूनही जपायची. बेबी कानांत कापसाचे बोळे घालून अभ्यास करायची आणि मनाशी म्हणायची, मी मोठी झाले की अशा ठिकाणी राहीन जिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल. पुढे घर घ्यायची वेळ आली तेव्हा तिने नवऱ्याकडे एवढा एकच हट्ट धरला. म्हणून त्यांचं घर एका बंद गल्लीच्या टोकाला होतं. तिथे फेरीवाला सुद्धा चुकूनच यायचा.

आई गेल्यावरही अप्पा छापखान्यावरच्या त्या खोल्यांतच राहिले. एकटे राहू नका म्हणून दोन्ही मुलांनी किती वेळा सांगितलं, पण ते बधले नाहीत. मग छापखानाच बंद झाला आणि ती इमारत पाडायला काढली. अप्पा एक ट्रंक आणि आईचा फोटो घेऊन लेकीकडे आले.

बेबीने त्यांच्यासाठी घरातली सर्वांत चांगली खोली तयार ठेवली होती. मागच्या बाजूची, सकाळचं कोवळं ऊन येणारी. नवऱ्याची ती वाचायची खोली होती, पण त्याने एक अक्षर न बोलता पुस्तकं हॉलमध्ये हलवली. गुडघ्यांना त्रास नको म्हणून बेबीने पलंग थोडा उंच करून घेतला. खिडकीत जाईचा वेल चढवला. पडदे फिकट निळे लावले, कारण निळ्या रंगाने डोक्याला थंडावा मिळतो असं तिने कुठेतरी वाचलं होतं. अप्पा दारात उभे राहून सगळं बघत होते. तिने विचारलं, "आवडली ना?" ते म्हणाले, "छान आहे. फारच छान आहे."

आणि मग अप्पा मान टाकायला लागले.

आधी जेवण कमी झालं. पोळी दोन बोटांत धरून ते विचार करत बसायचे आणि तशीच परत ताटात ठेवायचे. झोप लागेना. सकाळी बघावं तर डोळे लाल, आणि दिवसभर खुर्चीत पेंगत असलेले. बोलणं तर आटलंच. पूर्वी रस्त्यात कुणी जाहिरातीचा कागद हातात दिला की ते तो उलटसुलट करून शाई कशी बसली आहे यावर बोलत राहायचे. आता वर्तमानपत्राची घडी सुद्धा मोडत नव्हते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. सगळं उत्तम होतं. जागा बदलली आहे, वय झालं आहे, रुळतील हळूहळू, असं ते म्हणाले.

बेबीला हे पटत होतं आणि पटत नव्हतं. पाहून न पाहिल्यासारखं करणं हा तिचा स्वभावच नव्हता. तिने पलंग खिडकीकडून भिंतीकडे हलवला. मग भिंतीकडून परत खिडकीकडे. दुपारी अप्पांना हॉलमध्ये बसवलं, संध्याकाळी गच्चीत. जवळच्या बागेत म्हाताऱ्यांचा एक गट जमायचा, तिथे त्यांना सोडून आली. अप्पा तिथे तासभर बसले आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले की मंडळी चांगली आहेत, सगळी पोटाच्या तक्रारींवर बोलतात. नवऱ्याने तिची ही धावपळ बघितली आणि एकदा हळूच म्हणाला, "आता फक्त बुंध्याशी खत घालू नकोस म्हणजे झालं." ती हसली नाही, तेव्हा त्याने विषय बदलला.

घरी एकटं ठेववेना म्हणून ती त्यांना टेम्पोतून आपल्याबरोबर न्यायला लागली. अप्पा नाही म्हणाले नाहीत. टेम्पो जुना होता, इंजिनाचा खडखडाट फार, त्यामुळे बोलणं व्हायचं नाही. पण निदान ते डोळे उघडे ठेवून बसायचे. कचेरीत गेले की ती कुंड्या बघेपर्यंत ते एखाद्या खुर्चीत टेकायचे. साहेबांच्या केबिनमध्ये बसवलं तर पाच मिनिटांत शिंकायला लागले. साहेब म्हणाले, "मलाही इथे कायम सर्दी असते हो," आणि दोघं एकमेकांकडे समदुःखी नजरेने बघत नाकं पुसत राहिले.

एका दुपारी ते लाँड्रीत पोहोचले.

ही लाँड्री म्हणजे एक लांबट, उंच छताची जागा होती. शहरातल्या लहान हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे तिथे धुवायला यायचे. एका बाजूला मोठी मशीनं, पलीकडे वाळवायची पिंपं, मध्ये इस्त्रीचं लांब टेबल, आणि सगळीकडे वाफ. मालकीणबाई उंच, धिप्पाड होत्या आणि त्यांचा आवाज असा होता की मशीनं बंद असली तरी त्या मशीनच्या वरच बोलायच्या. बेबीची नेच्यांची झाडं तिथे इतकी माजली होती की तिला दर आठवड्याला फक्त कात्री चालवायची असायची. ती गमतीने म्हणायची की या घरी मी माझ्या लेकी अगदी निर्धास्तपणे दिल्या आहेत.

त्या दिवशी बेबी कुंड्यांशी वाकलेली होती. अप्पा मागच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसले. मोठी मशीनंही त्याच भिंतीला लागून होती. थोड्या वेळाने बेबीने मान वर करून बघितलं तर अप्पा झोपलेले. खुर्चीत बसून पेंगावं तसे नाहीत. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल सुटलेले, आणि पाठीमागची भिंत थरथरते त्या तालावर त्यांचा पांढरा सदराही बारीक थरथरतोय. कितीतरी दिवसांत तिने त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिने उठवायला हात पुढे केला तर मालकीणबाईंनी तो धरला.

"झोपू दे गं. तू तुझी कामं उरकून ये."

बेबी उरलेल्या ठिकाणी जाऊन परत आली तेव्हा अप्पा जागे होते आणि तिसऱ्या मशीनसमोर उकिडवे बसून मालकीणबाईंना सांगत होते की याचा एक पाय उचललेला आहे, म्हणून ते पिळताना दण दण करतं, खाली रबराचा तुकडा सारला तर गप्प बसेल. मालकीणबाई म्हणाल्या की ते मला माहीत आहे, मिस्त्री येतो म्हणून गेलाय तो अजून येतोच आहे. मग दोघांनी मिळून त्या मिस्त्रीच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली. घरी जाताना अप्पांनी टेम्पोत बेबीचा डबा उघडला आणि तिची उरलेली भाजी पोळीत गुंडाळून खाल्ली. सगळं पुसून स्वच्छ केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डबा तिचा होता. बेबीला इतका आनंद झाला की तिने उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

पण दुसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलं, "आज लाँड्रीत जायचं आहे का?" आणि तिसऱ्या दिवशीही विचारलं, तेव्हा तिच्या मनात कुठेतरी टोचलं. एवढी निळ्या पडद्यांची खोली सोडून यांना त्या वाफेत, ओल्या कपड्यांच्या वासात काय गोड लागतं? तरी ती त्यांना सोडायला लागली. मालकीणबाईंची काही हरकत नव्हती. काही दिवसांतच अप्पा बाकावरून उठून इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायचं काम चाललेलं असायचं. त्यांनी एक चादर उचलली, कडांना कडा जुळवल्या, तळहाताने हवा बाहेर काढली, आणि घड्यांची चळत टेबलावर दोन्ही बाजूंनी ठोकून सरळ केली. छापखान्यात कागदाचा गठ्ठा मशीनमध्ये लावण्याआधी तसाच ठोकतात. त्यांच्या हातांना ते इतकं अंगवळणी पडलेलं होतं की आपण काही करतो आहोत हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. मालकीणबाईंनी शेजारी दुसरा ढीग आणून ठेवला.

ही गोष्ट बेबीच्या भावापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. त्याला घरात छोट्या म्हणायचे, जरी दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी अप्पांना लाँड्रीत पाहिलं होतं. छोट्याने फोन केला आणि बराच वेळ आवाज न चढवता बोलला, जे बेबीला चढवलेल्या आवाजापेक्षा जास्त लागलं. आयुष्यभर मशीनवर उभं राहून पाय सुजवून घेतलेल्या बापाला आपण आता परक्यांच्या चादरींच्या घड्या घालायला उभं करायचं का, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं घर शहराबाहेर होतं, मोकळ्या हवेत, पुढे-मागे बाग असलेलं. खालची खोली त्याने बांधतानाच अप्पांसाठी म्हणून ठेवली होती. जिना नको, कोंदटपणा नको, सगळीकडे हिरवळ. बेबी स्वतः रोज सांगत होती की जागा चुकली की झाड हलवून बघावं. आणि छोट्याच्या बागेत तर दगडालाही पालवी फुटेल अशी माती होती.

रविवारी छोट्या गाडी घेऊन आला. अप्पांनी ट्रंक भरली, आईचा फोटो टॉवेलात गुंडाळला आणि मुकाट्याने गाडीत बसले.

पुढचे काही आठवडे बेबीने रोज फोन केला. अप्पा ठीक आहेत, एवढंच कळायचं. मग एकदा छोट्याच्या बायकोचा स्वतःहून फोन आला. ती संकोचून बोलत होती. अप्पा जेवत नाहीत. बागेत बसायला खुर्ची दिली आहे, झोपाळा आहे, पण ते घरामागे विहिरीची मोटार आहे त्या खोलीशी जाऊन बसतात. मोटार लावली की लगेच तिकडे जातात. दोनदा त्यांनी ती बंद करू दिली नाही, टाकी भरून अंगणभर पाणी झालं. "ताई, त्यांना काही होतंय का हो?" भावजयीने विचारलं. "आमचं काही चुकत असेल तर सांगा."

बेबी त्याच दुपारी गेली. टेम्पो फाटकाबाहेर उभा करून ती थेट मागे गेली. मोटारीच्या खोलीबाहेर, शेवाळलेल्या पायरीवर अप्पा बसले होते. त्यांचा सदरा खांद्यांवरून उतरायला आला होता, इतके ते उतरले होते. आत मोटार घरघरत होती. ती शेजारी बसली. मग टाकी भरली असावी, घरातून कुणीतरी बटण बंद केलं आणि मोटार थांबली. एकदम सगळं शांत झालं. लांब कुठेतरी एक पक्षी बोलला आणि तोही थांबला.

"बघ," अप्पा म्हणाले. "हे असं होतं."

"काय होतं अप्पा?"

अप्पा सांगायला लागले. छापखान्यात मशीन चालू असलं की सगळं ठीक असायचं. खाली रात्रपाळी असायची तेव्हा ते वर गाढ झोपायचे. मशीन थांबलं की त्यांना जाग यायची. कारण मशीन थांबलं म्हणजे कागद अडकला, किंवा वीज गेली, किंवा कुणाचा हात सापडला. ते तसेच धडपडत खाली जायचे. सगळी उमर असंच चाललं. "आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढंच माझ्या अंगाला ठाऊक आहे. तुझ्या त्या खोलीत रात्रभर काहीतरी बिघडलेलं असतं, बेबी. मी पडून वाट बघत राहतो की कुणीतरी येऊन सांगेल, काय झालं ते."

बेबीच्या डोळ्यांसमोर निळे पडदे आले. तिच्या लक्षात आलं की ती खोली तिने अप्पांसाठी लावलीच नव्हती. कानांत कापूस घालून बसलेल्या एका मुलीसाठी लावली होती.

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?" तिने विचारलं.

"तू विचारलंस कुठे?"

"विचारलं की. आवडली का म्हणून."

"आवडली ना, असं विचारलंस," अप्पा म्हणाले. "इतक्या हौसेनं सगळं लावलेलं, जावईबापूंनी पुस्तकं उचललेली. त्यावर माणूस नाही कसा म्हणेल?" त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या बोटांच्या पेरांत जुनी शाई अजून बारीक रेघांसारखी होती. "झाडांना बोलता येत नाही, तेव्हा तू त्यांची पानं बघून ओळखतेस. ते बरोबरच आहे. पण मला बोलता येतं की गं."

बेबीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने तिला ठसका लागला. अप्पांनी तिची पाठ थोपटली. ठसका थांबल्यावर ती नीट सावरून बसली आणि म्हणाली, "सांगा आता. तुम्हाला कुठे राहायचंय?"

त्यांनी आधीच विचार करून ठेवलेला असावा. तिच्याचकडे, ते म्हणाले, पण त्या पुढच्या खोलीत. तिला आधी कळेचना. पुढची खोली म्हणजे ती माती आणि नारळाच्या भुश्याची पोती ठेवायची, तीच का? तर तीच. तिची एक भिंत मोठ्या रस्त्याकडे तोंड असलेल्या शेजारच्या बेकरीला लागून होती आणि पलीकडे पीठ मळायचं यंत्र होतं, ते पहाटेच्याही आधी सुरू व्हायचं. बेबीने घर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या खोलीचं दार लावून घेतलं होतं आणि आवाज दाबायला भिंतीला पोती रचली होती. अप्पा एकदा खुरपं आणायला आत गेले होते आणि पोत्यांमागची थरथर जाणवली म्हणून तिथेच टेकून उभे राहिले होते.

"आणि सकाळी लाँड्रीत," ते म्हणाले. "त्या बाईंना चालत असेल तर."

छोट्याला सांगायचं काम त्यांनी बेबीवर टाकलं नाही. चहाच्या वेळी स्वतःच सांगितलं. छोट्याने चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्या खोलीची फरशी त्याने स्वतः निवडली होती, पायाला गार लागू नये अशी. 

अप्पा म्हणाले, "घर उत्तम बांधलंस. तुला किती मानवलंय बघ," आणि त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं. भावजयीला हसू आवरेना. छोट्याने शर्ट खाली ओढला आणि तोही हसला, पण ट्रंक टेम्पोत ठेवताना त्याचा चेहरा उतरलेलाच होता. फाटकाशी त्याने बेबीला विचारलं की दर रविवारी आणलं तर चालेल ना, मोटार दिवसभर चालू ठेवीन. बेबीने त्याला विचारलं की हे मला का सांगतोस, त्यांना विचार. तो टेम्पोपर्यंत गेला आणि वाकून काचेतून अप्पांना विचारून आला. रविवार ठरला.

पोती हलवायला सगळा शनिवार गेला. माती मागच्या खोलीत नेऊन ठेवता येत नव्हती, म्हणून गच्चीवर नेली, आणि नवऱ्याची पुस्तकं परत आपल्या जागी गेली. त्याने वरवर हळहळल्यासारखं केलं, पण निळे पडदे त्याला आवडले होते हे बेबीला माहीत होतं. पुढच्या खोलीत ऊन कमी येत होतं. भिंत थोडी गरम असायची आणि तिथे भाजलेल्या पिठाचा वास यायचा. अप्पांनी पलंग त्याच भिंतीला लावून घेतला. पहिल्या सकाळी बेबी चहा घेऊन गेली तर ते घोरत होते. तिने चहा परत आणला आणि स्वतः प्यायला. दुसऱ्या सकाळीही तसंच झालं. मग तिने त्यांचा चहा उशिरा करायला सुरुवात केली.

लाँड्रीतही सगळं एका दमात जमलं असं नाही. उन्हाळ्यात तिथे भट्टी व्हायची आणि एकदा अप्पांना घेरी आली. मालकीणबाईंनी त्यांना दाराशी खुर्ची टाकून दिली, टेबलपंखा लावला, आणि दुपारी घरी जायचं म्हणजे जायचं, असं सगळ्या लाँड्रीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. अप्पा दोन दिवस रुसले. मग खुर्चीत बसून रुमालांचं आणि उशांच्या अभ्र्यांचं काम मागून घेतलं. त्यांच्या पँटी कमरेत घट्ट व्हायला लागल्या तेव्हा त्या सैल करून आणायला ते स्वतःच शिंप्याकडे गेले आणि परत येऊन शिंप्याच्या दुकानात हवा खेळत नाही, त्याचं डोकं कायम दुखत असणार, असं सांगत बसले.

बेबीच्या कामातही थोडा फरक पडला. पूर्वी ती जागा बघायची, ऊन बघायची आणि कुंडी ठेवून निघायची. आता ती तिथे बसणाऱ्या माणसालाही विचारायला लागली की तुम्हाला कुठे बरं वाटतं. लोकांना आधी हा प्रश्न विचित्र वाटायचा. बँकेतल्या एका बाईंनी विचार करून सांगितलं की जिन्याच्या वळणावर, तिथे मी फोनवर लेकीशी बोलते. बेबीने त्या वळणावर एक मोठ्या पानांचं झाड ठेवलं. काचेच्या केबिनमधल्या साहेबांना तिने विचारलं तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले की खरं सांगायचं तर मला बाहेर सगळ्यांत बसायला आवडतं, पण केबिन मिळाल्यावर बाहेर कसं बसणार. पुढच्या आठवड्यात ती गेली तर साहेबांचं टेबल बाहेर खिडकीशी होतं आणि केबिनमध्ये खोकी भरून ठेवली होती. त्यांनी एक झाड मागितलं. बेबीने त्यांना जरा नाजूक झाड दिलं, आणि ते टिकलं.

थंडीचे दिवस सुरू झाले त्या सुमारास ती एकदा लवकर मोकळी झाली आणि अप्पांना न्यायला लाँड्रीत गेली. आत गेली तर टेबलाशी मोठा वाद चालला होता. एका नवीन हॉटेलाने सगळ्या कडांना इलॅस्टिक असलेल्या चादरी पाठवल्या होत्या. अप्पांच्या हातात तसली एक चादर होती आणि चेहऱ्यावर संताप. याला कोपरा नाही, कड नाही, सरळ रेघ नाही, याची घडी घालायची कशी, असं ते विचारत होते. मालकीणबाई सांगत होत्या की गोळा करून कपाटात कोंबा, सगळं जग तेच करतं. अप्पांना ते अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी चादर पसरली, गुंडाळली, उलटी केली, तरी ती दर वेळी फुगून बसत होती.

बेबीला बघून त्यांनी मानेनेच खूण केली. "ते तिकडचे दोन कोपरे धर. धर घट्ट. आत हात घाल."

तिने पर्स टेबलावर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि कोपऱ्यांत हात घातले. मागे मशीन पिळायला लागलं होतं, त्यामुळे अप्पांना पुढचं सगळं ओरडून सांगावं लागलं, आणि तिलाही ओरडूनच विचारावं लागलं की आता डावीकडे की उजवीकडे.